सुगरणीचा चरित्रकार

मुंबईहून गोव्याकडे जाताना राजापूर मागे पडले, की थोड्याच वेळात शुक नदीवरचा पूल लागतो आणि खारेपाटण येते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे हे उत्तरेकडचे दार. नदीच्या नावातच पाखरू आहे. संस्कृतात शुक म्हणजे पोपट. ही नदी पुढे खाडी होऊन विजयदुर्गाशी समुद्राला मिळते. एके काळी समुद्रावरून आलेला माल खाडीतून इथवर चढत असे. आज पावसाळ्यात तीच नदी अधूनमधून बाजारपेठेत शिरते आणि खारेपाटणचे नाव वर्तमानपत्रात झळकते.

गाव मोठे जुने. शके ९३० म्हणजे इसवी सन १००८ मधला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट इथलाच. मराठी वृत्तपत्रांचे जनक बाळशास्त्री जांभेकर हे शेजारच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. हा ताम्रपट वाचून प्रथम प्रसिद्ध करण्याचे काम त्यांनीच केले. त्या पत्र्यांवर राजांची वंशावळ आहे, दान दिलेल्या गावांची नावे आहेत. हजार वर्षांपूर्वी कोणी कोणाला काय दिले, याचा हिशेब आपल्याला मिळतो. मात्र त्या गावांच्या शेतांवर कोणती पाखरे उतरत होती, हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. पाखरे होतीच. वारा असतो, पाऊस असतो, तशी ती होती.

या भागातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी व्हायला १८८० साल उजाडले. जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी सेवेतील इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची दीर्घ यादी त्या वर्षी प्रसिद्ध केली. ज्या ‘स्ट्रे फेदर्स’ नियतकालिकात ती आली, त्याचे संपादक होते ए. ओ. ह्यूम. पुढे पाच वर्षांनी राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८१ मध्ये झाला. त्यामुळे व्हिडालच्या यादीतला रत्नागिरी जिल्हा म्हणजे खारेपाटणच्या मळ्यांचाही प्रदेश.

कोकणातल्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसाला विचारून पाहा. भात पिकायला लागले, की मुलांना राखणीला बसवीत. डबा बडवायचा, गोफण फिरवायची, आरोळ्या ठोकायच्या. मुनिया, सुगरणी, चिमण्या, पोपट यांचे थवे हाकलता हाकलता पोरांचे घसे बसत. त्या वेळी पाखरे ही कटकट होती. आज तीच माणसे अंगणात चिमणी दिसत नाही म्हणून हळहळतात. हा बदल एका आयुष्यात घडला आहे. तो समजून घ्यायचा, तर ज्याने सामान्य पाखराकडे आयुष्यभर असामान्य लक्ष दिले, त्या माणसाच्या चरित्राकडे वळावे लागते. तो माणूस म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांची कीर्ती हिमालयापासून केरळपर्यंत पसरली. पण त्यांच्यातला शास्त्रज्ञ खऱ्या अर्थाने जन्मला तो आपल्या कोकण किनाऱ्यावर, एका सुगरणीच्या वसाहतीखाली.

छर्ऱ्याची बंदूक आणि पिवळा गळा

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले आणि तीन वर्षांचे होते तेव्हा आई. या पोरक्या लेकरांना पदराखाली घेतले ते मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. गिरगावाजवळच्या खेतवाडीतले ते घर माणसांनी गजबजलेले असे. मामा शिकारीचे शौकीन. त्या काळी शिकार हा प्रतिष्ठितांचा छंद होता आणि भाच्याच्या हातात छर्ऱ्याची बंदूक देण्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते.

या बंदुकीने लहानग्या सलीमने पहिला नेम धरला तो घरातल्या तबेल्यातील चिमण्यांवर. भिंतीत चिमणीचे घरटे होते. मादी आत बसलेली आणि नर बाहेर पहाऱ्यावर. सलीमने नर टिपला. थोड्या वेळाने पाहतो, तर दुसरा नर त्याच जागी हजर. तोही टिपला. सात दिवसांत आठ नर पडले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हे पाहिलेच, शिवाय टिपून ठेवले. कृत्य क्रूर खरे. पण ती नोंद मात्र भावी संशोधकाची होती. आज वाचताना वेगळीच गोष्ट मनाला टोचते. मुंबईतल्या एका तबेल्यात एका आठवड्यात आठ नर चिमण्या मारल्या, तरी नववा यायला तयार होता. इतक्या चिमण्या होत्या!

पुढे १९०८ च्या सुमारास अशाच एका शिकारीने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. घरात धार्मिक शिस्त होती. हे पाखरू खायला चालेल की नाही, हे विचारायला सलीम मामांकडे गेला. मामांनाही पाखरू ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले.

तो काळ लक्षात घ्या. एका गोऱ्या साहेबासमोर एकटे उभे राहायचे म्हणजे मुलाचे पाय लटपटणारच. पण मिलार्डसाहेब प्रेमळ निघाले. त्यांनी पक्षी ओळखला. ती होती पिवळ्या गळ्याची रानचिमणी. मग त्यांनी कपाटाचे खण एकामागून एक उघडले. भारतातल्या शेकडो पक्ष्यांचे जतन केलेले नमुने त्या मुलाने डोळे विस्फारून पाहिले. पक्ष्यांची कातडी कशी सोलायची, भरायची, तिच्यावर तारीख-वार-ठिकाण कसे नोंदवायचे, हेही त्याला तिथे शिकता आले. पुढे ऐंशी वर्षे या संस्थेशी जुळलेले नाते असे एका चिमणीच्या निमित्ताने जुळले. १९८५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याच्या नावातही ही खाली पडलेली चिमणीच आली.

नोकरी गेली, किहीम मिळाले

शाळेत सलीम हुशार म्हणून कधी गाजले नाहीत. प्रकृती तोळामासा, गणिताशी वैर. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. घरच्यांनी त्यांना ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या खाणी आणि लाकडाच्या धंद्यात लक्ष घालायला पाठवले. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचे लक्ष अधिक. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. व्यापारी कायदा आणि हिशेब शिकण्यासाठी दावर कॉलेजात जाऊ लागले आणि त्याच वेळी सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लाटर यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणिशास्त्राचेही धडे घेऊ लागले. विद्यापीठाची रीतसर पदवी मात्र त्यांनी कधीच मिळवली नाही. नावामागचे डॉक्टर हे पुढे विद्यापीठांनी सन्मानाने दिलेले.

डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इंग्रजी वाङ्मयाची उत्तम जाण असलेल्या तेहमिनांनी नवऱ्याचे वेड ओळखले आणि त्यात त्याला साथ दिली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात सलीम अलींना गाइड-लेक्चररची नोकरी मिळाली. काम आवडीचे होते. पण आपले ज्ञान अपुरे आहे, ही रुखरुख त्यांना लागून राहिली. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. निर्जीव कातड्यांच्या वर्गीकरणापलीकडे जाऊन जिवंत पक्षी कसा जगतो हे पाहण्याची दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

१९३० मध्ये परत आले, तर हातात नोकरी नव्हती. पैशांअभावी ती जागाच रद्द झाली होती. वय चौतिशीचे, पदवी नाही, पक्ष्यांखेरीज दुसरे काही येत नाही. अशा वेळी संसाराचे गाडे कसे चालायचे? मुंबईचा खर्च परवडेना, म्हणून हे जोडपे अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे माडांच्या सावलीत, समुद्राच्या गाजेत दिवस स्वस्तात जात होते.

घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला आणि पिवळ्या डोक्याच्या नरांनी घरटी विणायला घेतली. दुसऱ्या कोणाला हे दृश्य दोन घटका करमणुकीचे वाटले असते. सलीम अली मात्र पावसाळाभर रोज त्या वसाहतीवर नजर ठेवून राहिले. कोणते घरटे कोणत्या नराचे, कोणत्या दिवशी ते किती विणून झाले, कोणती मादी केव्हा आली, अंडी केव्हा पडली, याच्या नोंदी होत गेल्या. बेकारीच्या त्या पावसाळ्यातून १९३१ मध्ये जो शोधनिबंध बाहेर आला, त्याने सुगरणीविषयीचा तोवरचा समज बदलला.

नावात बाई, कामात बुवा

मराठीने या पाखराला सुगरण असे बाईचे नाव दिले. घरटे इतके सुबक, म्हणजे ते गृहिणीचेच असणार, हा आपला समज. प्रत्यक्षात विणकाम करतो तो नर. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीने काप द्यायचा, उडत उडत त्याची लांब पट्टी फाडायची आणि ती फांदीच्या टोकाशी गुंफायची. एका घरट्यासाठी अशा शेकडो खेपा होतात. वरून टोपासारखा भाग तयार झाला, की काम थांबते. आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे लिंपलेले असतात. या गोळ्यांवर सुगरण काजवे चिकटवून दिवे लावते, अशी समजूत आपल्याकडे गावोगावी ऐकू येते.

काम थांबते, कारण आता पाहणी असते. माद्यांचा घोळका वसाहतीत येतो. नर पंख फडफडवून आपापल्या घरट्याची जाहिरात करतात. मादी आत शिरते, चोचीने धागे ओढून पाहते. पसंत पडले तर राहते, नाही तर सरळ निघून जाते. एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकाने बांधकाम चालू असलेला फ्लॅट पाहून नाक मुरडावे, तसे. पसंती मिळाली, की नर खालची नळी विणून घरटे पुरे करतो. मादी अंडी घालते, ती उबवते, पिलांचेही बहुतेक तीच पाहते. आणि नर? तो शेजारी दुसरे घरटे बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जमले तर तिसरेही.

अर्धवट सोडलेली घरटी म्हणजे नराच्या झोक्याची, विश्रांतीची जागा, असे पूर्वी मानत. सलीम अलींनी दाखवून दिले, की ती नापसंत झालेली घरटी आहेत. एका हंगामात एकामागून एक संसार मांडण्याची ही रीत त्यांनी प्रथमच नीट उलगडून सांगितली. भारतीय पक्षिशास्त्रात तोवर मुख्य भर होता तो नमुने गोळा करण्यावर. किहीमच्या त्या पावसाळ्यात एका बेकार माणसाने जिवंत, साध्या, रोजच्या पाखराचे चरित्र लिहिले.

या चरित्रातली एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. सुगरणीला घरटे बांधायला भाताची पाती किंवा उंच गवत लागते. मोठ्या सुगरणी दाण्यांवर जगतात. पण पिलांना किडे भरवावे लागतात. घरटी टांगायला शिंदी, माड, बाभूळ, विहिरीवर झुकलेली फांदी असे सुरक्षित ठिकाण लागते. म्हणजे शेत, किडे, जुने झाड आणि पाणी अशा चार गोष्टी एकत्र असल्या तर सुगरण. यातली एक जरी हरवली, तरी संसार मोडला.

बैलगाडी, तंबू आणि मोटारसायकल

यानंतर सलीम अलींनी जे आरंभले, त्याला तोड नाही. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांत एकामागून एक पक्ष्यांची पाहणी. संस्थानांनी खर्चाची सोय करायची आणि यांनी विनामोबदला काम करायचे, असा प्रस्ताव त्यांनी स्वतःच मांडला होता. बैलगाड्या, तंबू, आडरस्ते. तेहमिना या मोहिमांत सोबत असत. छावणीचा संसार त्या सांभाळत आणि नवऱ्याच्या इंग्रजीवर मायेने हातही फिरवीत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली आतून कोसळले. पुढचे आयुष्य त्यांनी बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे पाली हिलवर काढले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. राहिली ती पाखरे.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाच्या हातात पहिल्यांदा असे काही आले, की त्याला अंगणातले पाखरू नावाने ओळखता यावे. या पुस्तकात पक्ष्यांच्या उपयोगावर एक वेगळे प्रकरण आहे. पक्षी शेतकऱ्याचे नुकसान करतात तेवढेच आपण मोजतो. ते जे किडे, टोळ, उंदीर फस्त करतात त्याचा हिशेब मांडत नाही, हा त्यांचा आग्रहाचा मुद्दा होता. पिंगळ्याला अशुभ म्हणून हाकलणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगण्याची गरज होती आणि आजही आहे. नांगरामागून चालणारा गायबगळा, गुराच्या पाठीवरून झेप घेणारा कोतवाल, तारेवर बसून किडे टिपणारा वेडा राघू हे सगळे शेताचे बिनपगारी राखणदार आहेत, ही दृष्टी त्यांनी घराघरांत नेली.

स्वातंत्र्यानंतर सोसायटी आर्थिक अडचणीत आली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकून तिला तारले. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. भरतपूरचे पाणथळ वाचवायला आणि केरळातली सायलेंट व्हॅली धरणापासून राखायला त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. त्याच वर्षी जे. पॉल गेटी पारितोषिकाचे ५० हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या निधीसाठी सोसायटीच्या स्वाधीन केले. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. या शिडशिडीत माणसाला मोटारसायकलींचे मात्र विलक्षण वेड होते. १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीवर चढवून युरोपात नेली होती! २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ते गेल्यानंतर

डॉ. सलीम अली गेले त्या वेळी गिधाडे हा कोणाच्या काळजीचा विषय नव्हता. गावकुसाबाहेर मेलेले जनावर पडले, की दोन तासांत सापळा उरत असे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मुळावर आले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. यातून एकच धडा घ्यायचा. विपुल आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे नाही.

माळढोकाची कथा अशीच. राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अलींनी त्याचे नाव सुचवले होते. मान मिळाला मोराला, १९६३ मध्ये. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी आज देशभरात हा पक्षी दोनशेदेखील उरलेला नाही. मोर मात्र वाढले आहेत.

आणि सुगरणीची एक बहीण आहे. फिन्स बाया म्हणून ती ओळखली जाते, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत राहते. बराच काळ ती कोणाला दिसली नव्हती. कुमाऊंच्या तराईत तिला पुन्हा शोधून काढणारे सलीम अलीच. तिलाही उंच गवत, भात आणि मोठी झाडे लागतात. आज तिचे नाव जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. आपली सुगरण अजून तिथवर गेलेली नाही. पण वाट तीच आहे.

२०२३ मध्ये देशातील संशोधन संस्थांनी मिळून भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळाचा कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. माळराने, शेते अशा मोकळ्या जागी राहणाऱ्या पक्ष्यांना मोठा फटका बसला आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो, तो नीलपंख ३० टक्क्यांहून अधिक घटलेल्यांत आहे. चिमणीचे चित्र थोडे वेगळे आहे. मोठ्या शहरांत ती खरोखर कमी झाली. मात्र २०२० च्या अशाच अहवालात देशभराचा विचार करता तिची संख्या ढोबळमानाने टिकून असल्याचे दिसले. म्हणजे सरसकट हळहळून चालत नाही, मोजावे लागते. आणि हे मोजले कोणी? तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी. त्यांतले बहुतेक हौशी, नोकरी-धंदा सांभाळून टिपणे ठेवणारे. किहीमच्या त्या माणसाचे हे खरे वारसदार.

मळ्यात उरले काय?

आता पुन्हा खारेपाटणकडे येऊ. कोकणातल्या शेतीत गेल्या दोन पिढ्यांत काय झाले, हे वाचकांना सांगायला नको. घरटी एक तरुण मुंबईला. कुणगे पडीक. लावणीला माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी परवडत नाही. उभे पीक आलेच, तर माकडे, डुकरे, गवे ते टिकू देत नाहीत. वरकस जमिनीवरची नाचणी, वरी गेली आणि तिथे काजू-आंब्याच्या बागा आल्या. मोहोरावर फवारण्या आल्या. खळ्यावरची मळणी यंत्राने होऊ लागली आणि सांडलेल्या दाण्यांची पंगत उठली. मंगलोरी कौलांच्या वळचणीला चिमणी घरटे करीत असे. स्लॅबला वळचणच नसते. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला, तेव्हा रस्त्याकडेची मोठमोठी जुनी झाडे गेली.

यातले एकही कारण एकट्याने दोषी नाही. पडीक जमिनीवर झुडपे वाढली, की झुडपात राहणारे पक्षी येतात. त्यामुळे गाव हिरवेगार दिसते, कोणाला काही बिघडले असे वाटत नाही. पण दाणे टिपणारे आणि उघड्यावर किडे पकडणारे पक्षी माणसाच्या शेतीला बांधलेले आहेत. माणूस नांगर धरतो म्हणून ते आहेत. जंगल राखले तर वाघ वाचेल. मात्र शेत सोडून दिले तर सुगरण वाचणार नाही. हे पाखरू अभयारण्यात कोंडून जगवता येत नाही. ते जगवायचे तर शेतकऱ्याला शेतावर टिकवावे लागते. पक्षिसंरक्षण आणि गावची शेती हे दोन प्रश्न कोकणात मुळी वेगळे नाहीत. आणि ज्या घरातला शेवटचा तरुण गाव सोडून गेला, त्या घराला पाखरांसाठी तरी शेती करा, असे सांगण्याचा शहरातल्या पक्षिमित्राला कितपत अधिकार आहे? प्रश्न अवघड आहे. सवलती, हमीभाव, रानटी जनावरांचा बंदोबस्त यांवाचून तो सुटणारा नाही.

तरी हातात काहीच नाही, असेही नाही. विहिरीवर झुकलेली शिंदी आडवी येते म्हणून तोडण्याआधी तिच्यावर घरटी टांगलेली आहेत का, हे पाहता येते. बांधाचे गवत पावसाळा संपेपर्यंत राखता येते. फवारणी करताना हात आखडता येतो. आणि सर्वांत स्वस्त काम म्हणजे नोंद ठेवणे. शाळेच्या वहीत, गावातल्या एका शिंदीवर जुलैत किती घरटी दिसली, सप्टेंबरात किती पुरी झाली, एवढे जरी मुलांनी दर वर्षी लिहिले, तरी वीस वर्षांनी तो दस्तऐवज होईल. ताम्रपटाइतकाच मोलाचा.

सलीम अलींपाशी १९३० च्या पावसाळ्यात नोकरी नव्हती, पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. होती ती एक वही, भरपूर वेळ आणि समोर रोजचेच पाखरू. खारेपाटणच्या मळ्यांवर मृगाच्या सरी दर वर्षी उतरतात. तरवा हिरवा होतो, पात्याला धार येते. पिवळ्या डोक्याचा विणकर आला, तर त्याला ते पाते मिळावे आणि तो आला होता याची कोणी तरी नोंद करावी. डॉ. सलीम अलींचे याहून वेगळे स्मारक हवेच कशाला?